तेव्हा अडचण होती, तत्त्व नव्हतं

ताई, नमस्कार.

मला दोन मुलं. मुलगा सत्तावीस वर्षांचा, दुसऱ्या शहरात नोकरी करतो. मुलगी अठराची, आता कॉलेजला जाईल. मुलाच्या कॉलेजच्या वेळी घरात सासऱ्यांचं मोठं आजारपण सुरू होतं आणि ह्यांची नोकरी आज आहे, उद्या नाही अशी होती. त्याची फी आम्हाला झेपली नाही. त्याने शैक्षणिक कर्ज काढलं. तेव्हा हे त्याला म्हणाले, "शिक्षणाचा खर्च स्वतः उचललास तर त्याची किंमत कळेल. मीही तसाच शिकलो." तो काही बोलला नाही. दहा वर्षांची मुदत आहे, चार वर्षं झाली तो हप्ते भरतोय.

आता आमचं बरं चाललंय. घराचं कर्ज फिटलं, ह्यांचा पगार वाढला. मला वाटतं मुलीची सगळी फी आपणच भरावी, कमी पडलं तर निवृत्तीसाठी ठेवलेल्यातून काढावं. हे म्हणतात, "एकाला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, हे मला जमणार नाही. तिनेही कर्ज काढावं." रोजचा वाद झालाय. मुलगी म्हणते, मला कुणाचेच पैसे नकोत, मी नोकरी करून शिकेन.

मागच्या महिन्यात मुलगा घरी आला होता. आम्ही सगळे बसलो होतो आणि मी हिच्या फीचा विषय काढला. तेवढ्यात त्याच्या फोनवर मेसेज आला. पाच तारीख होती, हप्ता कापल्याचा मेसेज. त्याने वाचला, फोन पालथा ठेवला आणि उठून आत गेला. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. माझं काही चुकतंय का? कॉलेजचा खर्च खरं तर करायचा कुणी, आईवडिलांनी की मुलांनी?

एक आई

---

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पालथ्या ठेवलेल्या फोनापाशी अडखळले. प्रश्न तुम्ही मुलीच्या फीचा विचारलाय, पण पत्र लिहायला बसलात त्या मुलासाठी. म्हणून मीही सुरुवात त्याच्यापासूनच करते.

तो कॉलेजला गेला तेव्हा तुमच्याकडे पैसे नव्हते. त्यात तुमचा दोष नाही. एवढं आजारपण, नोकरीचा भरवसा नाही आणि वर कॉलेजची फी, कुठलंही घर वाकलं असतं. पण त्या मुलाला "आमच्याकडे पैसे नाहीत रे" हे वाक्य कुणी ऐकवलं नाही. त्याला ऐकवलं गेलं की शिक्षणाचा खर्च ज्याचा त्याने उचलावा, तेच चांगलं. घरात अडचण होती आणि तुम्ही दोघांनी तिला तत्त्वाचं नाव दिलंत. का दिलंत, तेही मला कळतं. अठरा वर्षांच्या मुलासमोर उभं राहून "मला जमत नाही" म्हणणं बापाला किती जड जातं! त्यापेक्षा दोन तत्त्वाच्या गोष्टी सांगणं सोपं जातं.

मुलाने ते तत्त्व खरं मानलं. त्याच्या भरवशावर कर्जाच्या कागदांवर सही केली, पदवी घेतली, नोकरी धरली आणि महिन्यामागून महिना हप्ता भरला. आमच्या घरात हे असंच असतं, आमचे बाबाही असेच शिकले, असं मनाशी म्हणत भरला असेल. हप्ता जड गेला असेल त्या महिन्यांत त्या एका समजुतीनेच त्याला धीर दिला असेल. आणि परवा त्याच घरात, त्याच्या देखत, त्याची आई म्हणाली की हिची सगळी फी आपण भरू. म्हणजे ते तत्त्व नव्हतंच. मग काय होतं? ते तुम्ही त्याला कधी सांगितलं नाहीत, तेव्हा उत्तर त्याचं त्यालाच शोधायचं आहे. माणूस असं उत्तर एकटा शोधायला बसला की बहुतेक वेळा 'माझ्यापेक्षा ती लाडकी' इथेच येऊन पोचतो.

त्याला बहिणीचा हेवा वाटतोय असं मला मुळीच वाटत नाही. हेवा वाटणारा माणूस भांडतो, हिशेब काढतो, टोमणे मारतो. हा उठून आत गेला.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. तुमच्या पत्रात ते हट्टी दिसतात, मला मात्र ते वेगळे दिसले. मुलीने कर्ज काढावं असं ते म्हणतात ते कंजूषपणाने म्हणत असतील असं मला वाटत नाही. मुलाला जे सांगितलं ते खोटं ठरू नये म्हणून ते धडपडताहेत. आज मुलीची फी भरली तर तेव्हाचं तत्त्व खोटं पडतं आणि मुलाचे चार वर्षांचे हप्ते त्यांच्या अंगावर येतात. तुम्ही दोघं रोज मुलीच्या फीवरून भांडताय, पण मुलाबद्दलची टोचणी दोघांनाही आहे. ती तुम्हाला एका बाजूला ओढते आणि त्यांना दुसऱ्या बाजूला. हे एकदा त्यांना मोकळेपणाने म्हणून बघा. "तेव्हा आपल्याकडे नव्हते, आपण त्याला तसं सांगायला हवं होतं," एवढंच. त्यात त्यांना दोष देऊ नका, तुम्हीही तेव्हा गप्प होतात.

मुलाच्या कर्जाचे आकडे तुम्ही कधी नीट पाहिलेत का, असं मला विचारायचं आहे. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की दहातली चार वर्षं झाली, म्हणजे बरंचसं फिटलं. तसं होत नाही. वर्षाला १० टक्के व्याज आणि दहा वर्षांचे सारखे मासिक हप्ते धरून मी हिशेब मांडला. हप्ते सुरू झाले तेव्हा मुद्दल १०० होतं असं समजू. चार वर्षांत त्याने एकूण ६३ च्या आसपास भरले. त्यातले मुद्दलात गेले फक्त २९, बाकीचे व्याजात. म्हणजे चार वर्षं एकही हप्ता न चुकवता १०० पैकी ७१ अजून शिल्लक आहेत. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याज खाऊन टाकतं आणि मुद्दल शेवटी शेवटी भराभर उतरतं, लांब मुदतीची, सारख्या हप्त्यांची कर्जं सहसा अशीच चालतात. तुमच्या मुलाचा दर थोडा वेगळा असेल, आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहील. त्या पाच तारखेच्या मेसेजमागे हे सगळं होतं.

एक गोष्ट आणखी. मुलगा स्वतःच्या बळावर शिकला असं तुमचे यजमान म्हणत असतील, पण शैक्षणिक कर्जाला पुष्कळदा आईवडिलांपैकी एकाची सहकर्जदार म्हणून सही लागते. कागद काढून बघा. त्यावर यजमानांची सही असेल तर ते कर्ज कायद्याने त्यांचंही आहे. मुलाची नोकरी गेली तर वसुलीचा फोन तुमच्याच घरी येईल.

आता तुमचा मोठा प्रश्न, खर्च करायचा कुणी? याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर जगाने काढलेलं नाही. जर्मनीत मुलाचं पहिलं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी पुरी होईपर्यंत त्याला पोसण्याची जबाबदारी कायद्यानेच ऐपतीप्रमाणे आईवडिलांवर टाकली आहे. स्वीडनमध्ये नेमकं उलटं. तिथे स्थानिक विद्यार्थ्याला फी नसते, राहण्याखाण्यासाठी सरकार थोडं अनुदान आणि थोडं कर्ज थेट विद्यार्थ्याच्या नावावर देतं आणि आईवडील किती कमावतात हे विचारतही नाही. अमेरिकेत सरकारी मदत ठरवताना पदवीच्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांचं उत्पन्न साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत धरलं जातं. आईवडिलांनी पैसे द्यायला नकार दिला तरी तेवढ्या कारणाने तो हिशेब बदलत नाही, आणि मुलं मधल्यामध्ये अडकतात. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून वेगळाच मार्ग धरला. शिकताना फी नावावर मांडून ठेवायची आणि पुढे कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की करासोबत थोडी थोडी वळती करून घ्यायची. चार देश, चार पद्धती, आणि चारही ठिकाणी मुलं शिकताहेत. तेव्हा 'मुलांनीच भरावं' किंवा 'आईवडिलांनीच भरावं' हा कुठला निसर्गनियम नाही. त्या त्या वेळी कुणापाशी किती आहे आणि काय ठरलं आहे, त्यावर ते अवलंबून असतं.

ते बदलतंही भराभर. इंग्लंडमध्ये १९९८ पर्यंत तिथल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला फी भरावी लागत नव्हती. १९९८ ला वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी आली, २००६ ला ती मर्यादा ३,००० वर गेली आणि २०१२ ला ९,००० वर. चौदा वर्षांत नऊपट. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावंडांना तिथे वेगवेगळी फी पडली. हे सांगते ते यजमानांच्या "मीही तसाच शिकलो" साठी. ते शिकले ते त्या वेळच्या फीवर आणि त्या वेळच्या कमाईवर. त्यांनी कष्ट केले यात वादच नाही. पण त्यांचं मोजमाप मुलाला लावताना मधल्या काळात फी आणि पगार यांचा मेळ किती बिघडला, हेही मोजायला हवं होतं.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. स्वतःचे पैसे लागले की किंमत कळते, ही गोष्ट अर्धी खरी आहे. लॉरा हॅमिल्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांची मदत जसजशी वाढत गेली तसतसे मुलांचे गुण थोडे उतरले, असं त्यांना आढळलं. इथपर्यंत यजमान बरोबर. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की मदत मिळालेल्या मुलांची पदवी पुरी होण्याची शक्यता वाढली. थोडे कमी गुण घेऊन पुरं झालेलं शिक्षण आणि चांगले गुण मिळवूनही पैशाअभावी अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण, यातलं काय हवं ते मला विचारायची गरज नाही. अर्ध्यावर सुटलं तरी कर्ज पुरं फेडावं लागतं.

निवृत्तीच्या पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. त्याला हात लावू नका. एका महिन्यापुरताही नाही. तुम्हाला वाटेल, पोरीसाठी आई एवढं करणार नाही का? करेल, पण हे पैसे तुम्ही आज काढलेत तर पंधरावीस वर्षांनी ते पुन्हा उभे करायला तुमच्याकडे पगार नसेल. शिकायला कर्ज मिळतं, ते फेडायला पुढे सगळं आयुष्य असतं. म्हातारपणाच्या खर्चाला तसं कर्ज सहसा मिळत नाही. मग तो भार कुणावर येईल? याच दोघा मुलांवर. त्यातला एक तोपर्यंत स्वतःचे हप्ते जेमतेम संपवून बसलेला असेल. मुलीच्या फीसाठी म्हणून काढलेले पैसे शेवटी मुलाकडूनच वसूल होतील, आणि त्याला ते आत्ताच दिसत असेल तर मला नवल वाटणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते.

आधी निवृत्तीचं आणि अडीनडीचं बाजूला काढलं असतं. मुलीच्या शिक्षणाच्या वर्षांत पगारातून दरमहा किती शिल्लक पडेल ते बघितलं असतं. पगार वाढेल, अमुक येणं मिळेल, असलं काही न धरता. त्यातून एक आकडा निघतो. तो आकडा, कितीही लहान असो, दोन्ही मुलांचा आहे. तो मी सरळ निम्मा केला असता. निम्मा मुलीच्या फीला आणि तेवढाच मुलाच्या कर्जाच्या मुद्दलाला. मुलीचा भाग वर्षावर्षाला जाईल. मुलाचा जमेल तितका लवकर द्यावा, कारण मुद्दलात आज भरलेली रक्कम पुढच्या सहाही वर्षांचं व्याज वाचवते. फक्त भरताना ती रक्कम मुद्दलातून वजा व्हावी असं लेखी कळवा आणि मुदतीआधी भरण्याबद्दल काही आकार आहे का ते विचारून घ्या.

मुलीची उरलेली फी तिच्या नावावर कर्जाने. म्हणजे यजमानांचं म्हणणंही राहतं आणि तुमचंही. आणि इथे एक गोष्ट करा जी मुलाच्या वेळी राहून गेली असावी. शिकत असतानाच्या वर्षांचं व्याज त्या त्या वर्षी भरून टाका. चार वर्षांत दरवर्षी २५ असे १०० उचलले, दर १० टक्के, आणि न भरलेलं व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवलं जात असेल, तर पदवी हातात पडते त्या दिवशी कर्ज १२७ च्या वर गेलेलं असतं. पहिला पगार यायच्या आत २७ वाढलेले! तेच व्याज वेळच्या वेळी भरलं तर चार वर्षांत मिळून २५ भरावे लागतात आणि कर्ज १०० वरच राहतं. पुढे दहा वर्षांचे हप्ते धरले तर एकूण सुमारे १९ वाचतात. पहिल्या वर्षी हे व्याज अडीच, शेवटच्या वर्षी दहा, त्यामुळे ओझंही एकदम येत नाही. मुलाचं हे व्याज तेव्हा कुणी भरलं नसेल तर त्याच्या वाट्यात तेवढी रक्कम वरून घाला. ती त्याची आहे.

मुलाने घ्यायला नकार दिला तर? देईल, अशी माझी अटकळ आहे. "माझं मी बघतो," म्हणेल. तेव्हा आग्रह करून त्याच्या गळ्यात मारू नका आणि "त्याला नकोच आहेत" म्हणून ते पैसे मुलीकडेही वळवू नका. त्याच्या नावाने वेगळे ठेवा आणि ठेवल्याचं त्याला एकदाच सांगा. घ्यायचे कधी ते तो ठरवेल.

मात्र पैसे घेऊन त्याच्याकडे आधी जाऊ नका. आधी ते न बोललेलं वाक्य. शक्य असेल तर यजमानांनीच बोलावं, कारण तत्त्व त्यांनी सांगितलं होतं. "तुझ्या वेळी आमच्याकडे नव्हते. मला तसं म्हणवलं नाही, म्हणून मी तुला उपदेश केला." यापुढे 'पण' नको. 'पण परिस्थितीच तशी होती' नको, 'पण तू बघ किती छान उभा राहिलास' हे तर नकोच नको. तो छान उभा राहिला हे खरं आहे, पण ते या वाक्याला जोडलं की पुन्हा तोच उपदेश होतो. बोलून झालं की गप्प बसा. तो लगेच काही म्हणेल असं नाही. फोनवरही बोलू नका, समोरासमोर बोला.

मुलीबद्दल आता. ती म्हणते की मला कुणाचेच पैसे नकोत. हे ऐकून तुम्हाला तिचा अभिमान वाटत असेल. मला काळजी वाटली. घरात रोज जिच्या फीवरून भांडण होतं ती मुलगी असंच म्हणणार. भांडण थांबवायचा तिला सापडलेला हा एकच उपाय आहे. याच भरात ती स्वतःहून एखादा नको तो स्वस्तातला कोर्स निवडेल, याचीही मला भीती वाटते.

नोकरी करून शिकणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी संध्याकाळी पाच ते रात्री दहा एका छापखान्यात प्रुफं तपासायची. आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे तीस तास. रात्री पुस्तक उघडलं की मजकूर डोक्यात शिरायचा नाही, हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा आणि मी पाठ्यपुस्तकातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका समासात खुणा करून दुरुस्त करत बसायची. धड्यात काय होतं ते दुसऱ्या दिवशी सांगता यायचं नाही. त्या वर्षी माझा एक विषय राहिला. तो पुन्हा देण्यात सहा महिने गेले आणि छापखान्यात मिळवलेले निम्मे पैसे त्या सहा महिन्यांनीच खाल्ले. खूप वर्षांनी बाबांशी बोलताना कळलं की तेव्हा त्यांच्याकडे थोडे पैसे होते. ते म्हणाले, "तू मागितले नाहीस. मला वाटलं, तुला आपल्या पायावर शिकायचंय." आणि मला वाटत होतं की बाबांकडे नाहीत, मागितले तर त्यांना वाईट वाटेल. दोन माणसं एका घरात राहत होती आणि एका आकड्याबद्दल त्यांचं बोलणं झालं नाही. ते सहा महिने मला अजून टोचतात. मुलाची आणि तुमची गोष्ट वाचताना मला आमचंच घर आठवत होतं.

कामच करू नये असं माझं म्हणणं नाही. आठवड्याला आठदहा तासांचं काम अभ्यासाला सहसा मारत नाही, उलट दिवसाला शिस्त लावतं. वीस तासांच्या पुढे गेलं की अभ्यास मागे पडायला लागतो आणि शिक्षण लांबायचा धोका वाढतो. तेव्हा मुलीला म्हणा, काम कर, पण फीसाठी नको, तुझ्या वरखर्चासाठी कर. सुट्ट्यांत हवं तेवढं कर. फी आमच्या वाट्यातून आणि कर्जातून जाईल.

आणि तिला आकडा सांगा. प्रवेश घ्यायच्या आधी सांगा. "आम्ही बघू, तू फक्त अभ्यास कर" असं पुष्कळ घरांत प्रेमाने म्हणतात आणि मग दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर आल्यावर पैसे कमी पडल्याचं मुलांना कळतं. चार वर्षांत आम्ही एकूण इतके देऊ, कर्ज इतकं निघेल, तुला पुढे महिन्याला साधारण इतका हप्ता बसेल, हे कागदावर लिहून तिच्या हातात द्या. फी आणि राहण्याचा खर्च वेगळा लिहा, दरवर्षीची फीवाढही धरा. एखादं वर्ष गेलं किंवा तिने विषय बदलला, तर त्या जादा वर्षाचे पैसे कुणाचे, तेही आत्ताच बोलून ठेवा. तेव्हा बोलायला गेलात तर ती शिक्षा वाटेल. हा हप्ता डोळ्यांसमोर असेल तर कुठलं कॉलेज आणि कुठला कोर्स याचा विचार तीच जास्त नीट करेल. अठरा वर्षांची मुलगी गणित करू शकते.

दिलेल्या पैशांवर अटी लादू नका, एवढं एक आवर्जून सांगते. फी आम्ही भरतो म्हणून विषय आम्ही ठरवू, उद्या पगार आमच्या हातात दे, असा सूर तुमच्या पत्रात नाही. पण तंगीच्या एखाद्या महिन्यात तो आपोआप तोंडून निघतो. हे पैसे परत हवे असतील तर आजच तसं सांगा आणि लिहून ठेवा. परत नको असतील तर त्यांचा विषय पुन्हा कधी काढायचा नाही, भांडणातसुद्धा नाही. मुलालाही हेच लागू.

तुम्ही विचारलंत, तुमचं चुकतंय का. मुलीला सगळं द्यावंसं वाटलं यात काही चुकलं नाही. मुलाच्या वेळी द्यायचं राहिलं ते सगळं तुम्ही हिच्या पदरात टाकायला निघालात, तिथे थोडं चुकलं. ती भरपाई तिला मिळून उपयोग नाही, ती त्याची होती.

मुलगा पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा मुलीच्या प्रवेशाचा विषय लगेच काढू नका. फी भरायची शेवटची तारीख तुम्ही लिहिली नाहीत. ती जवळ आली असेल तर त्याची वाट बघू नका, दोघं त्याच्या शहरात जाऊन या. यजमानांचं बोलून झालं की तुम्ही त्याला कर्जाचं स्टेटमेंट मागा आणि विचारा, "किती राहिलंय रे?" चार वर्षांत हे त्याला घरातल्या कुणी विचारलं असेल, असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.